हो गं, कर

आमच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘पुस्तकवाले’. दोनशे चौदा माणसं. कॉलेजवाले, शाळावाले, सार्वजनिक वाचनालयवाले, आणि नुकतीच बी.लिब. झालेली किंवा व्हायची मुलं. अ‍ॅडमिन मी, राजलक्ष्मी त्रिलोकेकर. गिरगावातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे, तीन महिन्यांनी निवृत्त होईन. ग्रुपवर कुणी काही अडलं म्हणून विचारलं की बाकीचे ‘मॅडम सांगतील’ म्हणून गप्प बसतात, आणि मॅडम सांगतात. मॅडमना सांगायला फार आवडतं. खोटं कशाला बोलू?

जानेवारीतल्या एका मंगळवारी अक्षदा पालवचा मेसेज आला. ही मुलगी बी.लिब.ला असताना माझ्याकडे दोन महिने प्रशिक्षणाला होती. घोडपदेवच्या चाळीतली, मालवणकडची, बारीक चणीची आणि कामाला वाघ. तिच्याच घराजवळच्या एका जुन्या वाचनालयात तिला ग्रंथपालाची नोकरी लागली होती. वाचनालयाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. एक वर्ष काम बघून मग कायम करू, असं तिथल्या समितीनं सांगितलेलं. त्यातले सात महिने झाले होते. बारावीनंतर पाच वर्षं साडीच्या दुकानात उभं राहून तिनं शिक्षण केलं होतं, हिंदमाताला. त्यामुळे ‘खुर्चीवर बसायची नोकरी’ याचं तिच्या घरी किती अप्रूप होतं, ते मला ठाऊक होतं.

मेसेज असा होता: “सर्वांना नमस्कार. आमच्याकडे अभ्यासिकेसाठी जागा करायची आहे. आतल्या खोलीत एक कपाट आहे, नाटकांचे १३२ बांधीव खंड. सगळ्यांच्या डेट स्लिपा कोऱ्या आहेत. काय करावं? कृपया मार्गदर्शन करा.”

डेट स्लिप म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तो कागद, ज्यावर परत करायच्या तारखेचा शिक्का मारतात. ती कोरी म्हणजे पुस्तक कधीच कुणी घरी नेलेलं नाही. मी तेव्हा नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींत गळ्यापर्यंत बुडाले होते. समोर दोन पोरं नो ड्यूजच्या सह्यांसाठी उभी, प्राचार्यांचा तिसरा फोन, आणि त्यात हे. मी उभ्या उभ्या लिहिलं: “कोरी स्लिप म्हणजे मेलेलं पुस्तक. निर्लेखनाची यादी कर, समितीचा ठराव घे, ‘रद्द’चे शिक्के मार आणि कपाट रिकामं कर. ग्रंथालय म्हणजे माळा नव्हे.” निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून पुस्तक कायमचं काढून टाकणं. खाली धडाधड अंगठे आले. एकेचाळीस. मी मोजले होते, काय सांगू!

दहा मिनिटांनी तिचा मला वेगळा मेसेज आला. मोबाईलच्या वरच्या पट्टीत दिसलं ते एवढंच: “मॅडम, एक शंका. त्या खंडांमध्ये...” पुढचं दिसत नव्हतं. मी म्हटलं, झालं हिचं सुरू! ही नवी मुलं एक पुस्तक काढायचं तर सात वेळा विचारतात. मेसेज न उघडताच मी वरच्या वर उत्तर ठोकून दिलं. “हो गं, कर.”

फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. मला आधी रडणंच ऐकू आलं.

“अगं, काय झालं ते तरी सांगशील?”

“मॅडम, ते कपाट... ती वाचली जात होती मॅडम. दर रविवारी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अक्षदाची रविवारी सुट्टी. रविवारी सकाळी समितीचेच कुणीतरी येऊन कुलूप उघडायचे, आणि आतल्या खोलीत चार-पाच म्हातारी माणसं येऊन त्या कपाटातले खंड तिथेच बसून वाचायची. घरी न्यायला बंदी होती, कारण ते खंड छापील नव्हतेच. गिरणीतल्या कामगारांनी बसवलेल्या नाटकांच्या त्या मूळ वह्या होत्या, हातानं लिहिलेल्या. कुठे कोण उभं राहायचं, कुठे पेटी वाजायची, कोणी कुठलं वाक्य गाळलं, सगळं बाजूला पेन्सिलीनं. कधीतरी कुणा हौशी माणसानं त्या बांधून घेतल्या, इतर पुस्तकांसारखे नंबर टाकले आणि नियम म्हणून डेट स्लिपही चिकटवली. जे पुस्तक घरी द्यायचंच नाही, त्याच्या स्लिपवर शिक्का येणार कुठून? पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळतं. मला एकच प्रश्न विचारायचा होता: ही पुस्तकं घरी देतात का? तो मी विचारला नाही.

फोनच्या आदल्याच दिवशी, रविवारी, शेवंती परब नावाच्या बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे यजमान त्या नाटकांत बायकांची कामं करायचे. त्यांच्या हातच्या तीन वह्या त्या कपाटात होत्या. बाईंनी कपाटाच्या जागी टेबलं बघितली आणि तिथेच खाली बसल्या. मग अक्षदाच्या चाळीत जाऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

“त्या ओरडल्या नाहीत मॅडम,” अक्षदा म्हणाली. “‘बाय, माझ्या घोवाची वही खय गेली?’ एवढंच विचारलं. मी काय सांगू त्यांना?”

ती रद्दीवाल्याकडे धावली होती. माल दोनच दिवसांपूर्वी लगद्यासाठी पुढे गेलेला. तरी मी संध्याकाळी तिच्यासोबत त्या दुकानात गेले. पोत्यांमागून एक खंड मिळाला, अर्धा. वर लाल शाईत ‘रद्द’ असा शिक्का, सुबक, अगदी मधोमध मारलेला. शिक्का सरळ कसा मारायचा, ते मीच तिला शिकवलं होतं.

घरी येऊन मी तो तिचा न उघडलेला मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचला. “मॅडम, एक शंका. त्या खंडांमध्ये छापील काही नाही, सगळं हातानं लिहिलेलं आहे. याची दुसरी प्रत कुठे नसेल असं वाटतं. तरी काढायचे का?” खाली माझं उत्तर. मेलं हे काय करून बसले मी! त्या रात्री जेवणही गेलं नाही.

समितीनं अक्षदाकडे लेखी खुलासा मागितला. तिनं ग्रुपवर पुन्हा विचारलं, की खुलाशात काय लिहू? ते मी बघितलं आणि फोन पालथा घातला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अहो, त्रिलोकेकर मॅडमनीच सांगितलं होतं ना? त्या भीतीनं मी दहा दिवस ग्रुप उघडलाच नाही. अ‍ॅडमिन मी, आणि लपून बसलेलीही मीच. इतरांना किती ऐकवते मी, की ग्रंथपालानं ताठ मानेनं उभं राहावं! स्वतःवर आली तेव्हा शेपूट घातलं.

बैठक शनिवारी संध्याकाळी होती. शुक्रवारी अक्षदाचा फोन आला. आवाज शांत होता.

“मॅडम, उद्या याल? नुसतं माझ्यासोबत बसा. पण तुम्ही काही बोलू नका हं. मी सगळं लिहून दिलंय.”

“अगं, पण मी सांगितलं म्हणून तू...”

“तुमचं नाव कुठेच नाही घेतलं मी. घेणार पण नाही. तुम्ही फक्त या.”

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. आणि पडल्याबरोबर स्वतःची एवढी शिसारी आली, की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोर माझ्या चुकीसाठी नोकरी घालवणार, आणि मी शेजारी बसून पाणी पिणार? छे! सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

वाचनालय पहिल्या मजल्यावर. समितीचे पाच जण ओळीनं बसले होते. मधोमध चिटणीस दीपक लाड, बँकेतून निवृत्त झालेले, पुढ्यात फाईल. दाराशी खुर्चीवर शेवंतीबाई, मांडीवर पिशवी. अक्षदानं इस्त्रीचा पांढरा पंजाबी घातला होता. ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला रडूच आलं.

लाड सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. “वह्या तर गेल्या,” ते म्हणाले. “ठरावावर सह्या आमच्याही आहेत. आम्हीही यादी न वाचता सह्या केल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्रिलोकेकर मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. आता आलाच आहात तर सांगा, अशी चूक कशी होते?”

माझं सगळं ठरलेलं होतं, तरी तोंडातून काय निघालं? “निर्लेखनाआधी पडताळणी व्हायला हवी होती.”

झालं! एकतीस वर्षांच्या टिप्पण्या लिहून लिहून जिभेला लागलेलं वळण. व्हायला हवी होती. कुणाकडून, ते नाही. लाडांनी मान डोलावली. अक्षदानं खाली बघितलं.

दाराजवळून शेवंतीबाई म्हणाल्या, “ती कोणी करूक व्हयी होती?”

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मला राहवेना.

“मी,” मी उठून उभी राहिले. “मी करायला हवी होती, बाई. या मुलीनं मला विचारलं होतं. मी वाचलंसुद्धा नाही आणि कर म्हटलं. हिचा काही दोष नाही. हे बघा, पुरावा आहे माझ्याकडे.”

“मॅडम, नको,” अक्षदा म्हणाली. “मॅडम, बसा ना.” तिनं माझा पदर धरून खाली ओढलं.

मी तिचा हात सोडवला. मला वाटलं, केवढी ही गुणी पोर, अजून मला वाचवतेय! मी पुढे होऊन मोबाईल लाडांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “सगळं हातानं लिहिलेलं आहे. याची दुसरी प्रत कुठे नसेल असं वाटतं. तरी काढायचे का?” मग माझं उत्तर वाचलं. मी मान वर करून उभी होते. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं.

लाडांनी मोबाईल टेबलावर ठेवला. फाईल उघडली, एक कागद काढला आणि तोही मोठ्यानं वाचला. “‘सदर खंड हस्तलिखित आहेत व त्यांची दुसरी प्रत उपलब्ध नाही, याची मला पूर्वकल्पना नव्हती.’ खाली सही आहे. ही तुझीच सही ना, अक्षदा?”

अक्षदानं मान हलवली.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

खालून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“मॅडम,” लाड माझ्याकडे बघत म्हणाले, “आम्ही हिला ताकीद देऊन ठेवणार होतो. चूक कुणाकडूनही होते, आमच्याकडूनही झाली. पण समितीला लेखी खोटं? आता मी या चौघांना काय सांगू?” त्यांना राग आलेला नव्हता, वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येईना. मी तरी भांडले. माझी चूक, माझं वय, माझी नोकरी, काय वाटेल ते बोलले. चौघं खाली बघून ऐकत राहिले. वीस मिनिटांनी ठराव झाला, की या महिनाअखेरपासून तिची सेवा थांबवावी.

शेवंतीबाई उठल्या. अक्षदाच्या गालावरून हात फिरवला. “तुका कित्याक काढतत गो?” म्हणाल्या आणि भिंत धरत धरत जिना उतरून गेल्या.

आम्ही मागून उतरलो. अर्ध्या जिन्यात मी तिचा हात धरला.

“अक्षदा, अगं असं कशाला लिहिलंस? कुणी सांगितलं तुला?”

“ग्रुपवर,” ती म्हणाली. “सतरा जणांनी तेच सांगितलं. कल्पना नव्हती असं लिही, म्हणजे मूर्ख ठरशील पण राहशील. खरं लिहायचं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तुमचे तीन महिने राहिलेत. लाडकाकांनी दुपारीच आईला सांगितलं होतं, काळजी करू नका, ठेवतोय आम्ही तिला.” तिचा आवाज आत्तापर्यंत सरळ होता, तो इथे फाटला. “मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं ना मॅडम? का म्हणतेय, ते एकदा तरी मला विचारायचंत.”

जिन्यात वर-खाली माणसं जात होती, तिची आई खाली फाटकाशी उभी होती. काहीतरी करायलाच हवं होतं.

“हे बघ,” मी म्हटलं, “रडू नकोस. तू आता असं कर...”

“नको, मॅडम,” ती म्हणाली. माझा हात तिनं अलगद काढला आणि ती खाली आईकडे गेली.