मूठभर राख

आत्याबाईंच्या स्टीलच्या पेल्यावर आतून एक पांढरट रेघ येते. आमच्या गावचं बोअरचं पाणी जड आहे, त्यात चुना फार. पेल्यात पाणी ज्या उंचीवर बराच वेळ थांबतं, त्या उंचीवर चुना बसतो. हा पेला आत्याबाईंबरोबर दोन घरांत फिरतो. आमच्याकडून थोरल्या दिरांकडे जाताना तो लख्ख असतो. महिन्यानं परत येतो तेव्हा बरोबर मध्यावर रेघ असते. म्हणजे तिथं पेला भरला जातो, अर्धा प्यायला जातो आणि उरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच राहतं.

ती रेघ मी चिंच लावून घासून काढते. पूर्णेच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आंबटानं चुना सुटतो हे कळायला तेवढंही शिकावं लागत नाही. रेघ अर्ध्यावरच का येते, हे कळायला मात्र मला दोन पावसाळे लागले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चतुराबाई. सासरे गेल्यावर ताडकळसच्या घराची वाटणी झाली, तशी त्यांचीही झाली. एक महिना थोरल्या महारुद्रदादांकडे, एक महिना आमच्याकडे. मध्ये सामाईक भिंत. पलीकडे स्लॅबचं घर, फरशी बसवलेला संडास, डोक्यावर टाकी. अलीकडे आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि परसात त्याच भिंतीला लागून मी बांधून घेतलेला कोरडा संडास. "पुढं कुणाकडं कायम राहायचं ते माय ठरवील," असं त्या दिवशी भावकीसमोर ठरलं होतं. मायनं काही ठरवलं नाही. "बघू," म्हणाल्या. त्या 'बघू'वर त्यांचं बोचकं इतकी वर्षं इकडून तिकडे जात होतं.

संडास कोरडा का, तर आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून बंद होते. मग ती पाणी पीत नाही. तिच्यात खणलेला शोषखड्डा शोषत नाही, नुसता भरतो, आणि उन्हाळ्यात त्याच भेगांतून बोअरकडे वाट काढतो. म्हणून मी जमिनीच्या वर विटांचे दोन हौद बांधले. एक वापरात, दुसरा भरून झाकलेला. आत पाणी ओतायचं नाही. काम झालं की राख आणि भुसा मूठभर टाकायचा, झाकण लावायचं आणि शेजारच्या मोरीत धुवायचं. ते पाणी कर्दळीला जातं. झाकलेला हौद वर्षानं उघडला की चहाच्या चोथ्यासारखी काळी, भुसभुशीत माती निघते. भाजीला मी ती घालत नाही. लिंबाला आणि झेंडूला घालते.

आत्याबाई पहिल्यांदा नाकाला पदर लावून बघायला आल्या.

"घरात? सैपाकाच्या भितीमागं? अगं, कुत्रं बी आपल्या जागेवर घाण करत न्हाई."

"आणि मांजर?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या परसात बराच वेळ आमच्या मांजरीकडे बघत उभ्या होत्या. मांजरीनं उकरलं, बसली, पंजानं माती ओढली, वास घेऊन खात्री केली आणि निघून गेली. आत्याबाईंनी चुलीतली राख डब्यात भरून आत नेऊन ठेवली. बसायला मी उंच कट्टा केला होता, त्यांच्या गुडघ्यांसाठी. तेव्हापासून आमच्या महिन्यात त्या संध्याकाळीही पेलाभर पाणी पिऊ लागल्या.

पलीकडे तसं नव्हतं. श्रावण लागला की दादांचा संडास तुंबायचा. तो लवकर भरू नये म्हणून जाऊबाईंनी, राजेश्रीताईंनी, एक रीत पाडली होती: घरातली माणसं आणि पाहुणे आत, माय बाहेर. कुणी तसं तोंडानं म्हटलं नाही. सकाळी मोरीपाशी टमरेल भरून ठेवलेलं असायचं, एवढंच. "तेवढंच पाय मोकळं होत्यात मायचं," असं राजेश्रीताई शेजारणींना सांगायच्या. ओढ्याची वाट निसरडी. एकदा मी आत्याबाईंना सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "पानी कमी पिलं की सवालच येत न्हाई."

भाद्रपदात पाथरीचे सोयरे आले, अर्पिताच्या साखरपुड्याचं ठरवायला. अर्पिता दादांची मुलगी. रात्रभर पाऊस झाला होता आणि दादांचा खड्डा काठोकाठ. विहीणबाईंनी राजेश्रीताईंच्या कानात काही विचारलं. राजेश्रीताईंनी हसत हसत त्यांना भिंतीच्या या बाजूला आणलं, दार दाखवलं आणि लाजून लांब उभ्या राहिल्या. मी कॉलेजात होते. राख कशासाठी आहे, हे त्या बाईंना कुणी सांगितलं नाही.

विहीणबाई चांगल्या वळणाच्या. आपल्या मागून येणाऱ्याला काही दिसू नये, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांनी मोरीतल्या दोन्ही बादल्या आत ओतल्या. राखेचा डबा त्यांना दात घासायचा वाटला असावा. त्याचं झाकण मात्र नीट लावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हौद आंबला आणि वास भिंत ओलांडून गेला. मी भुसा आणि राख घालून, काठीनं हलवून, वारा देऊन तो आठवडाभरात ताळ्यावर आणला. पण तोवर बोभाटा झाला होता. वास कशानं आला हे कुणी विचारलं नाही. कुणाकडून आला एवढंच विचारलं.

महिना संपला, त्या संध्याकाळी दादा स्वतः आत्याबाईंना सोडायला आले. एरवी त्या एकट्या येतात. बोचकं दादांच्या हातात होतं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले, पण बोचकं खाली ठेवलं नाही.

"भागवत, भाईर ये," त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. "उद्या मिस्त्री यायलाय. ते परसातलं पाडायचं. पाडल्याबिगर माय आत यायची न्हाई."

"दादा, आत तर या. बसून बोलू," भागवत म्हणाला.

"बसायचं कशाला? गाव नावं ठिवायलंय. गू सांबाळनारं घर म्हनायलेत आपल्याला."

"सांभाळता तुम्हीही, दादा," मी म्हणाले. "फक्त तुमचा पाण्यात बुडवून ठेवलाय."

भागवतनं माझ्याकडे बघितलं. मी दिरांसमोर इतकं बोलत नाही. दादांनी नजर त्याच्याकडेच ठेवली.

"तुज्या बायकूला सांग, पर्योग करायचेत तर कालेजात कर म्हनावं. दसऱ्यानंतर सोयरे परत यायलेत. इज्जतीचा सवाल हाय."

"मग सोयऱ्यांना तुमच्याकडं का नाही नेलं त्या दिवशी?" मी विचारलं.

उत्तर भिंतीपलीकडून आलं. "आमचं तुंबलं व्हतं म्हनून!" राजेश्रीताई ओरडल्या. त्या तिथं उभ्या आहेत हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

"तू गप ए!" दादा भिंतीला म्हणाले.

"गपच हाय मी. नीलम, झेंडू तेवढे ठिव गं. तोरनाला लागत्यात."

"ते त्याच खतावर आलेत, ताई."

भिंतीपलीकडून प्रश्न आला, "फुलाला वास येतो व्हय?"

"येतो. झेंडूचा."

आत्याबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. त्या अजून उंबऱ्याबाहेर, ओल्या पायरीवर, एका हातानं चौकट धरून उभ्या होत्या.

"हसायचं काम न्हाई," दादा म्हणाले. "भागवत, भित दोघांची हाय. माझ्या भितीला असलं काय बी लागून चालायचं न्हाई."

भागवतनं मान खाली घातली. पाडू, असं तो म्हणणार हे मला दिसलं. त्याचा स्वभाव भांडणाचा नाही, माझाही नाही. पण उद्या हौद पडला, तर आत्याबाईंना या घरातही टमरेल मिळेल, आणि पेल्यावरची रेघ मग निघणार नाही.

"भिंत दोघांची आहे ना? मग तुमच्या अर्ध्याचं तुम्ही बघा," मी म्हणाले. "माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही. मिस्त्री आला तर मी हौदावर बसून राहीन. सोयऱ्यांना सांगा, धाकटी सून वेडी आहे. मला चालेल. पण त्यांना हेही सांगा, की तुमचा संडास पावसात चालत नाही आणि त्यापायी सत्तरीची बाई ओढ्यावर जाते."

"मायला आवडतं भाईर जायाला. इच्यार."

"तुम्ही विचारलंय कधी?"

"इच्यारायचं काय? मी लेक हाय तिचा. मला ठावं हाय तिच्या मनात काय हाय. असल्या घरात ती पानी बी प्यायची न्हाई."

आत्याबाईंनी चौकट सोडली. दादांच्या हातातल्या बोचक्यात हात घालून त्यांनी आपला पेला काढला आणि माझ्यापुढे धरला. मध्यावर रेघ होती. "भर," म्हणाल्या.

मी घागरीतून भरून दिला. त्या उंबऱ्यावरच उभ्या राहून प्यायल्या. मध्ये थांबल्या नाहीत. गळ्याची शीर वरखाली होत होती आणि आम्ही तिघंही ती बघत होतो. रेघेपाशी पाणी आलं, रेघेखाली गेलं. पेला उपडा केला तेव्हा त्यातून थेंबही पडला नाही.

"महारुद्रा," त्या म्हणाल्या, "माझा बाप त्याला सोनखत म्हनायचा. सोनं आदी, खत मागून. तू गू म्हंतूस. म्हन. पर तुझ्या फरशीवर बसायची मला इजाजत कुटं हाय, ते आज लोकांदेखत सांग."

"माय, आसं काय..."

"सांग की. भितीमागं तुझी बायकू बी ऐकायलीय."

दादांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा ओल्या पायरीकडे.

आत्याबाईंनी त्यांच्या हातातून बोचकं ओढून घेतलं. गुडघ्यावर हात टेकून एक पाय उंबऱ्याच्या आत घेतला, मग दुसरा. बोचकं नेहमीसारखं खुंटीला न लावता त्यांनी ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

"भावकीला सांग जाऊन," त्या वळून म्हणाल्या, "माझं ठरलं. महिन्या-महिन्याची पाळी आता बंद. मी हितंच ऱ्हानार."