कव्हरवरची बाई

“ऐक गं, काय गोड गळा आहे हिचा!” शेजारच्या वासंतीने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि कॅसेटची रिकामी डबी कुमुदच्या हातात दिली. “यंदा सेक्टरच्या गणपतीत हीच लावायची. थोडी तुझ्यासारखीच गाते, नाही?”

कुमुदच गात होती. डबीवर मात्र नाकात नथ घातलेली, गोऱ्यापान गालांची कुणी पोरगी हात जोडून हसत होती. कुमुदने डबी उलटसुलट करून पाहिली. गायिकेचं नाव कुठेच नव्हतं.

आपली कॅसेट निघतेय हे तिने दिल्लीत, आर. के. पुरममध्ये, कुणालाच सांगितलं नव्हतं. वस्तू हातात आल्याशिवाय बोलू नये, दृष्ट लागते, असं तिला लहानपणापासून वाटायचं. आता “ही मीच” म्हणावं तर वासंतीने आधी डबीकडे पाहिलं असतं, मग तिच्या तोंडाकडे. कुकर लावून आलेय, असं काहीतरी पुटपुटत ती तिथून निघाली.

लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे वण तिच्या चेहराभर होते. मंत्रालयात टायपिंग करताना ते कधी आड आले नाहीत, रेडिओवर गाताना तर नाहीच. रेडिओवरचं गाणं ऐकूनच दर्यागंजच्या कॅसेट कंपनीवाल्या सेठींनी तिला बोलावलं होतं. गणपतीची गाणी गाऊन घेतली, स्टुडिओत फोटोही काढला. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा, श्रीरंग, रोज म्हणायचा, “येईल गं, प्रिंटिंगला वेळ लागतो.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ती श्रीरंगच्या स्कूटरवर बसली. “जाऊ दे ना, कशाला वाद घालायचा,” असं तो वाटभर म्हणत राहिला.

सेठींनी तोंडभर स्वागत केलं. “आइए मैडम! माल हाथोंहाथ बिक रहा है. नवरात्र की भी कर लेते हैं.”

“कव्हर पे वो लड़की कौन है?”

“मॉडल है. लोग पहले देखते हैं मैडम, सुनते बाद में.”

“और मेरा फोटो? मेरा नाम?”

सेठींनी श्रीरंगकडे पाहिलं. “भाईसाहब, आपने बताया नहीं? मैडम, मैं तो आपका फोटो पीछे छोटा-सा लगा रहा था. यही आकर बोल गए कि चेहरा मत छापिए. फिर नाम भी हटा दिया. चेहरा एक का, नाम दूसरी का, अच्छा नहीं लगता. नवरात्र वाली भी ऐसे ही निकलेगी. बोलिए, गाएंगी?”

नाही म्हटलं तर हे दार पुन्हा उघडणार नव्हतं, आणि गायचं तर तिला होतंच. “कल बताती हूं,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

खाली आल्यावर श्रीरंगने स्कूटरला किक मारली नाही. “लोक काहीबाही बोलले असते, कुमुद. मला ते ऐकवलं नसतं.”

“तुम्ही मला रोज बघता ना?”

“माझं वेगळं आहे.”

“म्हणजे काय? तुम्ही चालवून घेताय?”

कुमुद समोर थांबलेल्या बसमध्ये चढली. सेठींनी पुढे मॉडेल लावली ते समजण्यासारखं होतं, ते धंदा करायला बसले होते. पण घरच्याच माणसाने आधी जाऊन तिचं तोंड झाकलं होतं. हे तिला फार लागलं.

शेजारच्या बाईच्या मांडीवरची मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत होती. “आंटी, आपके मुंह पे क्या हुआ?” आईने चटकन तिचा हात ओढला. कुमुद म्हणाली, “चेचक हुई थी, बेटा. छोटी थी मैं, तुम्हारे जितनी.”

“दुखता था?”

“बहुत.”

मुलीने समजल्यासारखी मान हलवली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. झालं, एवढंच. मागच्या काचेतून श्रीरंग दिसत होता. बस थांबली की तोही थांबत होता.

ती उतरली तेव्हा तो समोर आला. “बस ना मागे. घरी चल.”

“उद्या मी एकटी जाणार आहे सेठींकडे. फोटो आणि नाव छापणार असतील तरच गाईन.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“मग नाही गाणार.” ती पुढे म्हणाली, “तुम्ही मात्र कुणाशी काही बोलायला जाऊ नका.”

ती क्वार्टरकडे चालू लागली. श्रीरंगने स्कूटर बंद केली आणि ती ढकलत तो तिच्या मागून येऊ लागला.