बोगद्याचं नाणं

टांकसाळवाल्यांचं काय जातं? पुलाला पन्नास वर्षं झाली, काढा नाणं. धरण भरलं, काढा नाणं. असल्या नाण्याने बाजारात काडेपेटीसुद्धा मिळत नाही. पण मखमलीच्या डबीत घालून दसपट किमतीला विकतात, आणि आमच्यासारखी गाढवं पैसे भरून ते घरी नेतात आणि कपाटात कुलूपबंद करून ठेवतात.

आम्ही गाढवं तीन. मी शिंपी. रविवारी दुपारी माझ्याच दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती आमची बैठक बसते. दुसरा कंपाउंडर, एकाच दवाखान्यात तीस वर्षं पुड्या बांधून घरी बसलेला. तिसरे भूगोलाचे मास्तर. जुनी नाणी परवडेनाशी झाली तसे आम्ही या नव्या स्मारक नाण्यांकडे वळलो, आणि सुरुवातीला दिसेल ते घेऊन चांगले तोंडघशी पडलो. तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली: नन्नाची फेरी. ज्याला नाणं घ्यायचंय त्याने त्याचं चित्र टेबलावर ठेवायचं. बाकी दोघांनी न घेण्याचं एकेक कारण द्यायचं. दोन्हींपैकी एकाही कारणाला त्याला उत्तर देता आलं नाही, तर नाणं रद्द. कटकट नाही, रुसवाफुगवा नाही. मास्तर तर नाही म्हणण्यात इतके पटाईत की त्यांच्या तावडीतून वर्षाला एखादंच नाणं सुटायचं.

त्या रविवारी कंपाउंडरने वर्तमानपत्राचं कात्रण पुढे सरकवलं. माझा चष्मा कपाळावर होता. तो खाली ओढायचेही कष्ट न घेता मी नुसता मथळ्यातला मोठा आकडा वाचला आणि सुटलो, "पन्नास हजार नाणी काढणार! म्हणजे शर्टाच्या बटणागत झालं की. पन्नास हजारांतल्या एकाला कोण विचारतंय?"

मास्तरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी चष्मा लावला. नाणं बोगद्याचं होतं.

माझ्या जिभेला काही हाड? त्या बोगद्यात कंपाउंडरचा एकुलता एक मुलगा ड्रिलवर कामाला होता. चार वर्षांपूर्वी छत खाली आलं. सातजण अडकले, पाचजणांना काढलं, दोघांपर्यंत पोचताच आलं नाही. शेवटी तेवढा भाग सिमेंट ओतून बंद केला आणि बोगदा बाजूने वळवून पुढे नेला. कंपाउंडरचा मुलगा त्या दोघांतला. आता उद्घाटन झालं, गाड्या सुरू झाल्या, आणि हे नाणं निघालं.

"बरोबर आहे तुझं," कंपाउंडर म्हणाला. "माझ्याकडे उत्तर नाही. मास्तर, तुमचं कारण?"

मास्तर म्हणाले, "माझं काही नाही."

"असं कसं? तुमचं कधी काही नाही असं झालंय का? अहो, नाही म्हणा ना! ही म्हणते, घरात एक तर ते नाणं राहील नाहीतर मी राहीन. आणि मला ते सोडवत नाही. उद्या बुकिंग बंद होतंय. तुम्ही दोघांनी नाही म्हटलं की मी सुटलो."

मास्तर टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवू लागले.  

मग कंपाउंडरने कात्रणावर बोट ठेवलं. बोगद्याचं तोंड, आणि समोर हेल्मेट घातलेले तीन कामगार. प्रत्येकजण तांदळाच्या दाण्याएवढा. "हा मधला बघ. खांदा पाडून उभा आहे. तो असाच उभा राहायचा ना? तुला माहीत असणार, नोकरी लागली तेव्हाचा कोट तूच शिवला होतास."

मला माहीत होतं. डावा खांदा अर्धा इंच उतरता. त्या कोटाला मी डावीकडे जाड पॅड घातलं होतं, आणि पोराला ते कळूसुद्धा दिलं नव्हतं. मी भिंग घेतलं आणि बघितलं. काय दिसणार, डोंबल! छपाईचे ठिपके, बाकी काही नाही. नाण्याच्या बाबतीत मी आजवर कुणाशी खोटं बोललो नाही, सख्ख्या मेव्हण्याशीसुद्धा नाही. पण कंपाउंडर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"हो रे," मी म्हटलं. "डावा खांदा उतरलाय."

तो ढसाढसा रडला. तिथूनच त्याने बुकिंग केलं.

चार महिन्यांनी पार्सल आलं. ते न उघडता तो रविवारच्या बैठकीला माझ्याकडे घेऊन आला, आणि बरोबर वहिनी! मुलगा गेल्यापासून त्या बाईने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मी मशीन सोडून उठलो. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली.

"मी आधी नकोच म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "पण हे म्हणाले, शिंपीभावजींनी खांद्यावरून ओळखला. म्हटलं, मापं घेणारा माणूस कशाला चुकेल?"

पार्सल मीच कात्रीने उघडलं. डबी उघडून वहिनींच्या हातात दिली. 

नाण्यावर कामगार नव्हते. डोंगर, बोगद्याचं तोंड, खाली साल. संपलं. जाहिरातीतलं चित्र निराळं आणि हातात पडलेलं नाणं निराळं, हे काय आज पहिल्यांदा झालंय? कुणीही कात्रण आणलं की मी आधी हेच ओरडतो, चित्रावर जाऊ नका, ऐन वेळी बदलतात. त्या रविवारी तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं, तर त्याने त्या नाण्याचा नाद सोडला असता.

वहिनींनी नाणं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कंपाउंडर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. 

"कुठे आहे हो?" त्यांनी मला विचारलं. "मधला म्हणाला होतात ना?"

"वहिनी, ते चित्र..." मी म्हटलं. चित्र बदललं म्हणावं, तर तो गेला. चित्रातही तो नव्हता म्हणावं, तर आधीपासूनच नव्हता.



वहिनींनी बोगद्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. तेवढाच भाग काळपट, खोलगट होता.  मग रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, साध्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "बघितलंत? इथेसुद्धा बाहेर काढला नाही त्याला."

 दोघंही मान वर करून माझ्याकडे बघू लागले, जणू मी अजून काहीतरी सांगेन.