सांगा, फरक पडला

"काका, एवढंच म्हणायचं. 'तीन इंजेक्शनांत माझ्या मोहिनीला फरक पडला.' बाकीचं आमी बघतो," शिवप्रसाद म्हणाला आणि त्यानं कॅमेऱ्याचा स्टँड वीतभर पुढं ओढला.

हिंगोलीतल्या त्या सेंटरमध्ये नामाजी खुर्चीच्या टोकावर बसला होता. साखरा गावाहून निघताना सिंधूबाईनं नवऱ्याला मुद्दाम धुतलेलं धोतर नेसायला लावलं होतं. शेजारी मोहिनी, त्यांची एकोणीस वर्षांची लेक, ओढणी सारखी करत होती. शिवप्रसाद हा सेंटरचा माणूस. त्याच्या तोंडात साखर एवढी, की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

दोन वर्षांपूर्वी मोहिनीचे पाय बधिर झाले आणि डावा डोळा गेला. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर अंजली मॅडमनी नीट समजावून सांगितलं होतं. मोटारीच्या वायरीवर रबर असतं तसं नसांवरही आवरण असतं. या आजारात शरीर स्वतःच ते खरवडून टाकतं. रोजच्या गोळीनं आजार आटोक्यात राहतो.

"अन् नवं आवरण बसवता येत न्हाई का?" नामाजीनं विचारलं होतं.

"स्टेम सेलपासून, म्हणजे मूळ पेशींपासून ते जमेल का, याचं संशोधन चालू आहे. रुग्णाला द्यावं असं अजून काही हाती नाही. कुणी देतो म्हणालं तर आधी मला विचारा."

बाईंचं शेवटचं वाक्य नामाजी विसरला आणि मधलं तेवढं धरून बसला. पुसेगावच्या बाजारात शिवप्रसादनं सेंटरचा कागद वाटला, त्यावर तेच शब्द होते: मूळ पेशी, नवं आवरण. बाप असाच फसतो. त्याला फसवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

पण पुढची चूक नामाजीची स्वतःची होती. त्याची हयात मेंढरांमागं गेली. कळपाचा त्याचा एक नेम होता: नवं औषध पाजलं की जुनं बंद. दोन्ही एकदम दिली तर गुण कशानं आला आणि मेंढरू कशानं मेलं, ते कळत नाही. पहिलं इंजेक्शन झालं त्याच दिवशी त्यानं नांदेडची गोळी बंद केली. पोरीला आधीचं काय चालू आहे, एवढं साधं सेंटरमधल्या एकानंही विचारलं नाही. पाच महिने तो रोज सकाळी विचारायचा, "फरक हाय का?" मोहिनी म्हणायची, "हाय, आबा."

"मोहिनी, इकडं बघ बेटा. कॅमेऱ्यात बघून हस."

मोहिनी हसली. छान हसली, पण भिंतीकडं बघून. बोलता बोलता शिवप्रसाद कॅमेऱ्यापासून बाजूला सरकला होता आणि आवाज आला तिकडं तिनं तोंड केलं होतं.

नामाजी तिच्याकडं वळला. "मोहिने, माज्या हाताची बोटं किती हायेत?"

"आबा, लोकं बघून राहिलेत."

"किती?"

"दोन."

नामाजीनं हात वर केलाच नव्हता.

"उजवाबी गेला? कवा?"

"अंधूक व्हायला महिना झाला. परवा सगळंच गेलं."

"काहून सांगितलं न्हाईस?"

"न्हाई म्हणलं की तुमचा आवाज पडायचा," मोहिनी म्हणाली.

नामाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीत शिवप्रसाद होता, आत बसलेला कोटवाला डॉक्टर होता आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः होता.

"चालू कर तुजा कॅमेरा," तो म्हणाला.

शिवप्रसाद खूश झाला. लाल दिवा लागला.

"मी नामाजी, साखऱ्याचा. माज्या लेकीला फरक पडला. इथं आली तवा एका डोळ्यानं दिसत होतं. आता त्यानंबी न्हाई."

दिवा लगेच विझला. "काका, असं काय बोलता? सगळ्यांना सारखा गुण येत नसतो."

नामाजी थांबला नाही. सुया टोचल्या, पण पोरगी आधीचं काय खाते हे कुणी विचारलं नाही, म्हणाला. नांदेडची गोळी ह्याच हातानं बंद केली, तेही म्हणाला. दाराशी नंबर लावून बसलेली माणसं ऐकत होती. आखाडा बाळापूरच्या रूपाबाई नवऱ्याची चाकाची खुर्ची धरून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, पण नंबर सोडला नाही. शिवप्रसादनं कॅमेरा काढला, स्टँड मिटला आणि दोन्ही उचलून तो आतल्या खोलीत निघून गेला.

नामाजीनं लेकीचा हात धरला. "चल पोरी. इथून नीट नांदेडला जायचं."

मोहिनी हलली नाही. ओढणी डोक्यावर घेऊन, पाठ ताठ करून, दोघंही चित्रात बराबर यावीत म्हणून ती बापाच्या जवळ सरकून बसली होती. तिचं तोंड कॅमेरा होता त्या रिकाम्या जागेकडं होतं.

"आबा, गोळीचं परत एकदा सांगा," ती हळूच म्हणाली. "घाईत बोललात. बघणाऱ्याला समजलं पाहिजे."

नामाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग तो त्या रिकाम्या जागेकडं वळला, घसा साफ केला आणि गावाच्या नावापासून पुन्हा सांगू लागला.