अस्वलासाठी घडवलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. खरे म्हणजे स्वतःला जुनी म्हणावे की नवी, हेही मला नीट कळत नाही. दुकानात होते तेव्हा माझ्या डोक्यावर ‘यंदाचा नवा माल’ अशी पाटी होती. त्याला फार वर्षे झालेली नाहीत. पण अंगावर इतके पोचे पडले आहेत की कुणीही बघून मला जुनीच म्हणेल.

मी देवळातली घंटा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. देवळातल्या घंटेचा दोर हलवला की देव जागा होऊन भक्ताकडे बघतो असे म्हणतात. गाईच्या गळ्यातली घंटा गुराख्याला बोलावते. माझे काम उलटे आहे. डोंगरात जाणाऱ्याच्या कमरेला लटकून मी अस्वलाला सांगते, बाबा रे, माणूस येतो आहे, तू जरा बाजूला हो. साऱ्या घंटा बोलावण्यासाठी आणि मी मात्र घालवून देण्यासाठी. मग मला घंटा तरी का म्हणतात, हा प्रश्न मला लहानपणापासून पडला आहे.

माझा जन्म ताकाओका शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा ओतारी होता. तो प्रत्येक घंटा कानाशी धरून वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज पसंत नसेल तर ती पुन्हा भट्टीत जायची. माझी पाळी आली तेव्हा मी भीतीने गार पडले होते. त्याने मला वाजवले, बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, “हिचा आवाज दरी ओलांडेल.” एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा क्वचितच आले.

पण दुसऱ्याच दिवशी मला शेजारच्या खोलीत नेले. तिथे माझ्या चामडी पट्ट्यात एक छोटे लोहचुंबक बसवले. ते दाबून माझ्या तोंडाशी आणले की माझा लोखंडी लोलक त्याला जाऊन चिकटतो आणि मी मुकी होते. पट्टा बसवणारी मुलगी म्हणाली, “झाली एकदाची शहाणी.” काल ज्या आवाजासाठी मला वाखाणले, तो आज बंद करण्यात शहाणपण कसले, हे मी कुणाला विचारणार?

मात्सुमोतो शहरातल्या दुकानात माझ्या शेजारी एकाहून एक हुशार वस्तू होत्या. घडी घालून खिशात मावणारी काठी होती, कपाळाला बांधायचा दिवा होता, पिसासारखी हलकी शेगडी होती. एक मनगटी घड्याळ तर डोंगराची उंची, उद्याचे हवामान आणि माणसाची नाडी, सगळेच सांगायचे. त्याला विचारावे लागायचे नाही, आपणहून सांगायचे. माझ्याबद्दल मात्र गिऱ्हाइके एकच गोष्ट विचारत. “वाजते ते ठीक आहे, पण बंद होते ना?”

मला सुमिएबाईंनी विकत घेतले. त्यांच्या गावाच्या कडेला फळझाडावर अस्वल चढले होते आणि त्यांचे यजमान हागिवारा दर आठवड्याला एकटेच डोंगरात जात. पूर्वी दोघे मिळून जायचे. मग सुमिएबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्यांची चढण कायमची बंद झाली.

हागिवारा फार भले गृहस्थ. कुणाला आपला त्रास होऊ नये, एवढीच त्यांची काळजी. घरातल्या खुर्च्यांच्या पायांत त्यांनी लोकरी मोजे घातले होते. गल्लीच्या मंडळात आवाजाच्या तक्रारी त्यांच्याकडेच येत, त्यामुळे आपल्या घरातून आवाज जाणे म्हणजे त्यांना भर चौकात चोरी करण्यासारखे वाटे. सुमिएबाई म्हणायच्या, “आमच्याकडे शिंकसुद्धा आधी अर्ज करते.”

जंगलात ते मला वाजू देत. परतताना मात्र गल्लीच्या तोंडाशी आले की त्यांचा हात चुंबकावर जायचा. त्यावरून दोघांचे नेहमी चालायचे.

“अहो, गल्लीत शिरल्यावर वाजू द्या ना तिला. मला कळेल तरी तुम्ही आलात ते. आधण ठेवीन चहाला.”

“समोरच्या कुराताबाई दुपारच्या निजलेल्या असतात.”

“त्यांना कमी ऐकू येतं.”

“म्हणूनच म्हणतो. मुद्दाम वाजवतोय असं वाटायचं त्यांना.”

“आणि मी खिडकीत उभी राहते, त्याचं काय?”

“मी येतोच की,” ते म्हणायचे. खिडकीत उभे राहणारीला हे उत्तर कसे पुरावे?

त्या दिवशी डोंगर लालपिवळ्या पानांनी भरला होता. मुलीने, मायुकोने, वडिलांना नवीन वस्तू पाठवल्या होत्या. त्यात ते सर्वज्ञ घड्याळही होते. माझी जुनी ओळख, पण त्याने मला ओळख दिली नाही. निघताना सुमिएबाईंनी माझा आकडा ओढून पाहिला. तो त्यांना सैल वाटला. त्यांनी स्वयंपाकघरातली लाल दोरी आणली आणि मला हागिवारांच्या कमरपट्ट्याला घट्ट बांधले. “वरून फोन करा,” त्या म्हणाल्या. डोंगरावर चिनात्सुची सराई आहे. तिथे गरम शेवयांचा वाडगा संपवून घरी फोन करायचा, हा हागिवारांचा नेम होता.

अर्ध्या वाटेवर एक तरुण मोठा कॅमेरा घेऊन पालथा पडला होता. समोरच्या झुडपात कुठलासा दुर्मीळ पक्षी असावा. आम्हाला बघून तो उठून बसला आणि हसून म्हणाला, “आजोबा, घंटा छान आहे हो तुमची. आवाज केवढ्या लांबून येत होता.”

मला ओताऱ्याची आठवण आली. मी आनंदाने फुलून गेले. तेवढ्यात हागिवारांचे कान लाल झाले. ते दोनदा वाकले, “माफ करा, माफ करा” म्हणाले आणि त्यांनी माझे तोंड बंद केले. तरुणाने तोंडभर स्तुती केली, मग शिक्षा कशाची? आमच्या देशात तक्रार अशीच करतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. खरे सांगते, अजूनही पुरते कळलेले नाही.

पुढे आणखी कुणी पक्ष्यांची वाट बघत असेल, या भीतीने हागिवारांनी मला पुन्हा उघडले नाही. एवढेच नाही, तर नेहमीची वाट सोडून ते खालच्या आडवाटेने निघाले. तिकडे सहसा कुणी जात नाही, तेव्हा कुणाला त्रास होण्याचा प्रश्नच नव्हता. ओल्या पानांवर त्यांचा पाय घसरला. माणसाला झाकून टाकेल इतक्या उंच बांबूच्या रानातून आम्ही खाली, आणखी खाली गेलो आणि एका दगडाला अडलो. पाठपिशवी मात्र थांबली नाही. फोन आणि शिट्टी घेऊन ती ओढ्यात गेली.

हागिवारांचा पाय घोट्यापाशी वाकडा झाला होता. उभे राहता येईना. कपडे भिजले होते, धुके उतरत होते. त्या उंचीवर त्या दिवसांत रात्री पाणी गोठते. ओल्या अंगाने ती रात्र त्यांना निभली नसती. मनगटावरचे घड्याळ म्हणाले, ‘आज तुमची हालचाल कमी आहे.’

तिकडे फोन आला नाही म्हणून सुमिएबाईंनीच सराईत फोन लावला. शेवया खायला आज काका आलेच नाहीत म्हटल्यावर चिनात्सु आपल्या मोठ्या दिरांना, ओगिनोंना, घेऊन बाहेर पडली. हे मला मागाहून कळले. त्या वेळी एवढेच कळले की उजेड कमी होत असताना वरून हाक आली, “हागिवाराकाका! ओ हागिवाराकाका!”

मला वाटले, सुटलो. आता हे मोठ्याने ओरडतील. हागिवारांनी घसा साफ केला आणि दुकानात मीठ मागावे तशा आवाजात ते म्हणाले, “माफ करा, मी इथे आहे.”

वर कुणाला ऐकू जाणार? त्यांनी पुन्हा तसेच म्हटले. साऱ्या जन्मात त्यांनी आवाज चढवला नव्हता, तो ऐन वेळी कुठून चढावा? त्यांच्या कमरेला दरी ओलांडणारा आवाज लटकत होता, आणि तो त्यांनीच आपल्या हाताने बंद केला होता. मी आतल्या आत तडफडत होते. हाका पुढे गेल्या, मग लहान झाल्या.

हागिवारांनी मान खाली घातली. “चहाच्या वेळी लोकांना उगाच बाहेर काढलं,” ते पुटपुटले आणि चहा म्हणता म्हणता थांबले. त्यांचा हात कमरेशी आला. त्यांना लाल दोरीची गाठ लागली. ती गाठ ते बराच वेळ चाचपत राहिले.

“खिडकीत उभी असेल,” ते म्हणाले. मग म्हणाले, “माफ कर गं.” हे त्यांना म्हटले की मला, कुणास ठाऊक. त्यांनी चुंबक ओढले. नुसते सरकवले नाही, पट्ट्यातून उपटून काढले.

मग मी वाजले. त्यांनी मला गदागदा हलवले, दगडावर आपटले. माझे पोचे तेव्हाचे आहेत. मला दुखले आणि मी इतकी सुखात कधीच नव्हते. दोन्ही एकदम कसे होते, ते मला विचारू नका.

वरून ओगिनोंचा आवाज आला. “कुणीतरी खाली उतरतंय गं. घंटा वाजतेय. त्याला विचारू, काका दिसले का.”

“उतरणाऱ्याची घंटा पुढं सरकते, भावोजी,” चिनात्सु म्हणाली. “ही एकाच जागी वाजतेय.”

थोड्या वेळाने बांबू हलले आणि त्यांच्या कपाळावरचे दिवे दिसले. ज्यांना ऐकू येईल त्यांनी दूर जावे म्हणून मला घडवले होते. तोच आवाज धरून माणसे जवळ आली. मी अजून त्याचाच विचार करत असते.

हागिवारा त्यांना म्हणाले, “माफ करा, फार आवाज केला.”

चिनात्सुने डोळे पुसले. “काका, अजून करा. सराईपर्यंत करत चला.”

दवाखान्यातून घरी यायला बरेच दिवस लागले. गल्ली अरुंद, म्हणून मायुकोने गाडी तोंडाशीच उभी केली. हागिवारा कुबड्यांवर उतरले. मी कमरेलाच होते, लाल दोरीने बांधलेली. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. चुंबक नव्हते, पण मुठीत धरले तरी मी मुकी होते. मी वाट पाहत राहिले. हात माझ्यावर थोडा वेळ थांबला, मग कुबडीवर गेला.

आम्ही गल्लीतून निघालो. दर पावलाला मी वाजत होते. खिडक्या उघडल्या. हागिवारा डावीकडे वाकायचे, “माफ करा” म्हणायचे, उजवीकडे वाकायचे, “माफ करा” म्हणायचे आणि पुढचे पाऊल टाकायचे. कान लालबुंद झाले होते, पण ते थांबले नाहीत. आमच्या दारात सुमिएबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे स्वयंपाकघरात किटली उकळत होती.

“आधण ठेवलंय,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून कुराताबाई म्हणाल्या, “घंटा छान आहे हो तुमची. केवढ्या लांबून ऐकू येते.”

हागिवारा वाकणार, तोच सुमिएबाई म्हणाल्या, “येते ना ऐकू? मला यांची चाहूल इतकी वर्षं ऐकू आली नव्हती.”

मित्रांनो, आता मी दाराजवळच्या खिळ्यावर असते. शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते, पण माझाच गोंधळ मिटलेला नाही, तर तुम्हाला काय शिकवू? एवढेच मागते. नव्या वस्तू हौसेने घ्या, त्या पुसून कोरड्या ठेवा, पण ज्या कामासाठी घेतल्या ते काम त्यांना करू द्या. आणि कधी घसरलात, तर शेजाऱ्यांची झोप मोडेल म्हणून गप्प बसू नका. कुणीतरी आधण ठेवायला थांबलेले असते.

दुसऱ्या दिवशी कुराताबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बरणी पाठवली. आमच्याकडे कौतुक असले तरी बरणी येते आणि तक्रार असली तरी बरणीच येते. त्यांचे नक्की काय होते, हे तुम्हाला कळले तर मलाही सांगा. तोवर मी वाजते आहे.