याला हात लावा

मी चुनखडीचा खुंट बोलतोय. न्यू साउथ वेल्सच्या डोंगरातल्या गुहेत, जमिनीतून थेंबाथेंबाने वर आलोय. माझ्या डोक्यावर छतातून एक कांडी लोंबते. तिच्या टोकाचा थेंब माझ्यावर पडतो. त्यातला थोडा चुना तिला, थोडा मला. आमच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं. ते मिटलं की आम्ही दोघं मिळून एक खांब होणार होतो.

माणसांच्या भानगडी ऐकायची मला भारी हौस. कोण नवऱ्याशी रुसून आलंय, कोणी खिशात सॉसेज रोल दडवलाय, सगळं कळतं. "वाक म्हटलं होतं ना!" असं कोणाची तरी बायको ओरडते, तोवर त्याचं डोकं छताला आपटलेलं असतं. रोज एक तरी.

पण माझा जीव नोरीनवर. एकोणीस वर्षं ती लोकांना गुहा दाखवायची. आमच्यापाशी आली की आवाज खाली आणायची.

"या दोघांची भेट व्हायला अजून तीन-चारशे वर्षं आहेत. बोटाचं तेल लागलं की चुना धरत नाही, वाढ संपली. तेव्हा हात खिशात, मंडळी!"

एकदा एका दांडगोबाने हात पुढे केलाच. तिने टॉर्चचा फटका दिला त्याच्या मनगटावर. "आईने हेच शिकवलं का रे?" म्हणाली. मला वाटलं, माझंही कोणीतरी आहे.

मग एका सुट्टीत पलीकडची चुन्याची पातळ झालर कोणीतरी मोडून नेली. व्यवस्थापक डेस खाली आला.

"नोरीन, लोकांना हात लावल्यावाचून राहवत नाही बघ. एक खुंट हात लावायला देऊन टाकू, बाकीचे वाचतील. कुठला, ते तू सांग."

नोरीनने टॉर्च सगळीकडे फिरवला. मी अगदी निवांत होतो.

"हा घ्या," ती म्हणाली. "वाटेला लागून आहे. पोरांचाही हात पोचेल."

"आणि तुझी ती दोघांच्या भेटीची गोष्ट?"

"गोष्ट काय, दुसऱ्या कोणाची सांगेन."

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी पाटी लागली, 'याला हात लावा'. तेव्हापासून किती हात! घामट, चिकट, उन्हाचं मलम चोपडलेले. मी काळा, तुळतुळीत झालो. कांडीचं टोकही मळलं. थेंब पडतो नि घसरून जातो. पलीकडचे मात्र पांढरेशुभ्र आहेत.

परवा नोरीन आली. निवृत्त झालेली, काठी टेकत, चक्क तिकीट काढून. गुहा दाखवणारी नवी पोरगी टिगन सांगत होती, "याला खुशाल हात लावा. हा मेलेलाच आहे."

मी नोरीनकडे बघत राहिलो. आता तरी बोलेल.

"आजी, लावा की हात! लाजताय काय?" टिगन तिला म्हणाली.

"नको गं," नोरीन म्हणाली. पण मागच्यांची घाई चालली होती. तिने तळवा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उबदार होता.

"गार आहे," ती हसून म्हणाली. सगळे हसले आणि पुढे गेले.

बाबांनो, झालं ते झालं. एवढंच करा. मागच्या अंगाला, भिंतीकडे, माझा वीतभर भाग अजून पांढरा आहे. तिथे थेंबातला चुना अजून धरतो. मी मेलेलो नाही. तिथवर हात घालू नका.