चाफ्याच्या नऊ फांद्या

चाफा मुळासकट काढायचा ठराव रविवारच्या सभेत येणार, असं सोसायटीचे सेक्रेटरी सत्यजीत यांनी पद्मजाकाकूंना जिन्यातच सांगितलं. सत्यजीत यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्याच्या फांद्या घुसत होत्या. त्या दिवशी काकूंना घास गोड लागला नाही. इमारत नवी होती, पनवेलमध्ये दुपारी पाखरांखेरीज आवाज नसायचा, तेव्हा त्यांनी तो चाफा स्वतःच्या हातानं लावला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळच्या ओवे गावाहून भामाला बोलावलं. तिचा उभा जन्म बागांत गेलेला. झाडाभोवती दोन फेऱ्या मारून ती म्हणाली, "आता पानं नाय, छाटायला हीच येळ. काकू, तुमी आत जा. तुमाला बघवायचं नाय."

काकू हलल्या नाहीत. गॅलरीकडे झुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या भामानं तिरप्या कापल्या. दुधासारखा चीक ठिबकत राहिला.

"यंदा फुलं?"

"थोडी कमीच. शेंड्याला येतात ना ती. पुढल्या साली मोजत बसा."

कापलेल्या नऊ फांद्या चीक सुकायला भिंतीशी सावलीत टेकवल्या. चार दिवसांनी काकू त्या वाटायला निघाल्या, तर प्रत्येक दारात एकच उत्तर: कुंडी नाही.

फांद्या सुकल्या का बघायला आलेली भामा हसली. "दिलेली फांदी लागत नाय, चोरलेली लागते. सगल्यांना ठावं हाय. फांद्या परत भिंतीशी ठेवा, जेवून पडदा लावा नि झोपा."

काकूंनी आपल्या तळमजल्यावरच्या खिडकीचा पडदा लावला, पण फट ठेवली. आधी तिसऱ्या मजल्यावरची रुचिरा कचऱ्याची बादली घेऊन आली आणि बादलीत फांदी उभी करून गेली. तासाभरात आठ गेल्या. नववीला आले खुद्द सत्यजीत. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, तरी दोन्ही टोकं बाहेरच. काकूंनी तोंडात पदर कोंबला.

रविवारी ठराव वाचला गेला. एकही हात वर होईना. सत्यजीत यांनी कागदाची घडी घातली.

"आता नीट छाटलाय. राहू दे." मग घसा खाकरून ते म्हणाले, "काकू, सहज विचारतो, चाफ्याच्या नव्या फांदीला पाणी किती घालायचं?"

"पालवी फुटेपर्यंत अगदी बेतानं," काकू म्हणाल्या.

मागच्या खुर्चीवर रुचिरानं ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या.